कुणाची तू

सातव्या वर्षी मी समुद्र पाहिला,
तोही आधी नाकानेच.
लोफोटेनच्या धक्क्याला बोट लागली तेव्हा
दुपारचे तीन वाजले होते आणि मिट्ट काळोख.
बाबा म्हणाले, हा पैशाचा वास, होईल सवय.
आम्ही रोरोसची माणसं, तांब्याच्या खाणीतली.
आमच्याकडे वास म्हणजे धूर, नाहीतर बर्फ.
बर्फालाही वास असतो
हे इथं कुणाला पटत नसे.

फेब्रुवारीत मांडव उभे राहिले,
लग्नाविनाच, वर छतही नाही,
शेपटीला शेपटी बांधून मासे जोडीजोडीनं टांगलेले.
खाली आम्ही पोरं, आणि गुनवोर.
मुंडकं खिळ्यावर रोवायचं,
एक काप, जीभ बादलीत.
किलोमागे रोख पैसे, ते पोरांचेच.
पहिल्याच दिवशी मी अंगठा कापून घेतला.
तिनं तो सरळ आपल्या तोंडात धरला,
बाजूला थुंकली, चिंधी बांधली, मग विचारलं,
"कुणाची गं तू?"
तिकडे असंच विचारतात. नाव नंतर.
मी बाबांचं नाव सांगितलं.
ती थांबली जराशी,
आठवून पाहिलं तिनं,
आणि पुढचं मुंडकं उचललं.

एप्रिलात घरी आले ती तिकडचा हेल घेऊन.
आई म्हणाली, नीट बोल.
शाळेत बाई म्हणाल्या, नीट बोल.
बोलू लागले नीट.
पण नवऱ्याशी भांडताना
दर वेळी तोंडून निघायचे ते शब्द गुनवोरचे,
त्याला अर्धे कळायचेच नाहीत,
भांडण तिथंच पंगू व्हायचं.

एकोणिसाव्या वर्षी गेले. चौतिसाव्या वर्षी,
दोन मुलांना घेऊन, त्यांच्या बापाशिवाय.
मासा आलाच नाही त्या वर्षीही गेले,
रिकाम्या मांडवांतून वारा शीळ घालत होता
आणि कुणीच मोठ्यानं बोलत नव्हतं.
गुनवोरच्या मातीला मात्र पोचले नाही.
वादळ. बोट बंद.
बोडोच्या धक्क्यावर दोन दिवस
बाकावर बसून होते, मांडीवर फुलं.
शेवटी ती तिकीट खिडकीवरच्या पोराला दिली.

एकदा तिथं घर घ्यायलाही निघाले होते.
बँकेनं नाही म्हटलं,
आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.
रोज उठून तोच डोंगर पाहिला असता,
तर कदाचित पाहिलाच नसता.

आता एकोणसत्तर. गुडघे बोटीच्या शिडीला घाबरतात.
या हिवाळ्यात त्या टेबलाशी
गुनवोरच्या नातवाची मुलगी उभी होती,
कानात गाणी, हातात सुरी, नाक लाल.
माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं,
"कुणाच्या तुम्ही?"
बासष्ट वर्षं मिळाली होती
उत्तर जुळवायला.
मी हातमोजा काढून अंगठा पुढे केला.
पांढरी रेघ, आता सुरकुत्यांत जवळजवळ हरवलेली.
तिनं पाहिली.
"सगळ्यांचाच कापतो," म्हणाली,
आणि मुंडक्यांचा क्रेट पायानं सरकवून
बाजूला थोडी जागा केली.