शिक्का

खानापूरच्या पोस्टात एकतीस वर्षं मी शिक्का मारला.
डाव्या हाताने कार्ड सरकवायचं, उजव्याने ठोका,
शाई उठली नाही तर पुन्हा.
गाव, तारीख, वेळ.
आत काय का लिहिलेलं असेना,
कुठून निघालं एवढं तरी कळायचं.

आता गल्लीतली पोरं रात्री कडी वाजवतात,
"बिर्जेमामा, हे जरा बघा की, खरं काय हे?"
आणि मोबाइल पुढे धरतात,
म्हाताऱ्या तार धरायच्या तसा,
अंगापासून लांब.

परवा निंगाप्पा घाडीचा धाकटा धापा टाकत आला.
नंदगडच्या रस्त्यावर बस फोडली म्हणे,
आपली माणसं मारली.
फोटो होता. खाली लिहिलेलं : दहा जणांना पाठवा, रक्त असेल तर.
तासाभराने तोच फोटो
आमच्या पेन्शनवाल्यांच्या ग्रुपवर, कन्नडात.
त्यात मार खाल्लेली माणसं त्यांची होती.
बस तीच, काचही तीच फुटलेली,
रक्तही तेच, फक्त वाटून घेतलेलं.
मी फोटो बोटांनी मोठा केला.
बसच्या मागे समुद्र होता.
"नंदगडला समुद्र कधी आला रे?"
पोरगा हसला नाही. दगड खिशात होता त्याच्या,
विजार एका बाजूला ओघळली होती.

त्याला घेऊन स्टँडवर गेलो.
नंदगडची गाडी पाऊण तास उशिरा आली, सगळ्या काचांसकट.
कंडक्टर महादेवी हडपद उतरली, हात ग्रीसने काळे.
मी विचारलं, "खरे एनव्वा?"
"सुळ्ळ री," ती म्हणाली, "पंचर आगित्त.
चहा मिळेल का कुठे अजून?"

घरी येताना मनात आलं,
खरे हा शब्द इथे दोन्हीकडे एकच आहे.
खोट्याला मात्र
त्यांचा वेगळा, आपला वेगळा.

पोरगा गल्लीत सांगत सुटला,
मामांना लगेच कळतं.

लगेच कळतं.
सत्याऐंशी साली देवीच्या नावाने कार्डं यायची,
एकवीस लिहून धाडा, नाहीतर घरात विपरीत घडेल.
आम्ही पोस्टात मोठ्याने वाचायचो,
हसत हसत ठोका मारायचो.
त्या श्रावणात शेवंताचा ताप नऊ दिवस उतरेना.
नवव्या रात्री मी एकवीस कार्डं लिहिली,
डाव्या हाताने, अक्षर कुणी ओळखू नये म्हणून.
पत्ते मनिऑर्डरच्या रजिस्टरातून घेतले.
सकाळी माझ्याच हाताने शिक्का,
एकदम स्वच्छ उठलेला.

शेवंता बरी झाली. औषधाने, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आठवड्याने खिडकीशी एक बाई आली,
मुंबईच्या मिलमधून मुलगा पैसे धाडायचा ती.
पदराच्या गाठीतली चिल्लर फळीवर ओतली
आणि एकवीस कार्डं मागितली.
मी मोजून दिली.
पाच पैसे कमी पडले तिला, ते माझ्या खिशातून घातले,
आणि याचं मला कित्येक वर्षं बरं वाटत होतं.

काल रात्री सव्वाअकराला एक मेसेज आला.
सीमेचा निकाल लागला.
आपल्या बाजूने. उद्या जाहीर होणार.
धाडणारा कोण माहीत नाही. तारीख नाही, गाव नाही,
'उद्या' कुठल्या दिवसाचा तेही नाही.
बाबा हाच 'उद्या' उशाशी घेऊन गेले,
तेव्हा तो तोंडी यायचा,
बाजाराच्या दिवशी, तंबाखूबरोबर.

समुद्र शोधायला हवा होता.
फोटो बोटांनी मोठा करायला हवा होता.
मी चष्मा काढला,
धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला,
आणि पुसतच बसलो.