परतीची फेरी

पेजर वाजतो तेव्हा मी बहुधा दुसरंच काहीतरी असते:
शाळेच्या बसची चालक,
किंवा कर्लिंगच्या बर्फावर झाडू घेऊन वाकलेली,
हरत आलेल्या डावात.

सस्कॅचेवानच्या या सपाटीवर पत्ते आकड्यांत सांगतात:
अमुक चौकटीचा वायव्य पाव, तमुक रांग,
तिसऱ्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला.
आकडे पुरे व्हायच्या आत मला घर दिसतं.
तो वायव्य पाव म्हणजे ऑरेस्ट हुडिमा.
निळ्या पत्र्याचं कोठार, फाटकाला ट्रॅक्टरचं चाक,
आणि बायको गेल्यापासून स्वयंपाकघरातला एकच दिवा.
अनोळखी माणसाला उचलणं कसं असतं
हे मला अठरा वर्षांत कळलेलं नाही.

दवाखाना होता आमच्याकडेही.
तो बंद केला तेव्हा सरकारी माणसाने
नकाशावर बोट सरकवून दाखवलं,
फक्त चौऱ्याण्णव किलोमीटर.
बोटाला अंतर लागत नाही.

गाडी मात्र गावाची. पिरोगी विकून घेतलेली.
किती शनिवार, चर्चच्या तळघरात,
ऐंशीच्या पुढच्या सहा जणी
सुजलेल्या बोटांनी पिठाच्या कडा दाबत बसल्या.
"मागची दोन चाकं माझी हं," नेट्टी म्हणायची,
"मी आत झोपेन तेव्हा हळू चालव."
झोपली.
हळूच चालवली. घाई संपली होती.

त्या रात्री उणे चौतीस.
फाटकात उभ्याउभ्या टायर चौकोनी झाले,
पहिला मैलभर गाडी लंगडत गेली.
डेल चालवत होता; दिवसा तो खताच्या गोण्या विकतो.
मी मागे, ऑरेस्टचा श्वास मोजत.
मास्कच्या आतून तो म्हणाला,
कुत्र्याला घातलं नाही.
बोलू नका, म्हटलं.
कुत्र्याला घातलं नाही, तो म्हणाला.

मागच्या काचेतून मला दिसलंच होतं:
दिव्याच्या फेऱ्यात लाल, मग काळं, मग लाल,
धावतंय.
दोन मैल तरी. मग नुसता रस्ता.

सदतिसाव्या किलोमीटरला,
जिथे धान्याचा जुना मनोरा होता
(आता नाही, पण वळण आम्ही अजून त्याच्यावरूनच सांगतो)
त्याचा हात माझ्या हातात जड झाला.
उरलेले सत्तावन्न मी छाती दाबत गेले.
मोठ्याने मोजत, तीसपर्यंत,
पुन्हा एकपासून.
डेलने एकदाही विचारलं नाही.

कोणाच्या पलंगाखाली बाटल्या आहेत,
कोण कोणाच्या घरी पडलं आणि जिना कुठला सांगितला,
दार उघडताना कोणाची बाही खाली ओढलेली होती,
अर्धं गाव मी पोटात घेऊन फिरते.
दुकानाच्या रांगेत भेटलात
तर फक्त हवेबद्दल बोलेन.
मागच्या वसंतात ज्याची नाडी सापडत नव्हती
तो मला म्हणतो, यंदा बर्फ लवकर वितळेल.
मी म्हणते, वाटतं खरं.

पहाटे परतताना
ते रस्त्याच्या मधोमध बसलेलं होतं,
जिथे पळणं संपलं होतं तिथेच.
भुवयांवर बर्फ.
डेलने ब्रेक लावला. मी काही बोलले नव्हते.
नियमात जनावर बसत नाही.
त्याने मागचं दार उघडलं.
ते चढलं, स्ट्रेचर हुंगलं,
एकदा, सावकाश, पायांकडून डोक्याकडे,
आणि खाली शिरून बसलं.

कागद मला भरावा लागतो.
रुग्ण: पोहोचवला.
किलोमीटर: एकशे अठ्ठ्याऐंशी.
परतीची फेरी: रिकामी.
शेरा लिहायला जागा असते चार ओळींची.
शाई गोठली होती, असं धरून चाला.

सात वाजून दहा मिनिटांनी बस.
पहिल्या थांब्यावरची मुलगी पायरीवर थबकली,
तुझ्या अंगाला कुत्र्याचा वास येतोय.

हो, म्हटलं. बस आत.
दार लावायचंय, थंडी शिरते.