बारा औंस

धोबी तलावच्या दुकानात शिरले तेव्हा
वरून बॅटी लोंबत होत्या, वाळत घातलेल्या बोंबलांसारख्या,
आणि मुस्तनसिरभाई कॅरमच्या सोंगट्या मोजत होते.
"मुलाचं वय किती?" त्यांनी विचारलं.
मुलगा नाही, मी म्हटलं. हे हात आहेत, यांचं माप बघा.

त्यांनी बघितलं.
मीही बघितलं, बऱ्याच वर्षांनी,
काउंटरच्या काचेवर ठेवलेले,
कुणीतरी विसरून गेल्यासारखे.

एकोणीस वर्षं मी रक्त काढते.
परळच्या लॅबमध्ये, सकाळी सातपासून,
उपाशीपोटी आलेल्यांचं.
माझे ग्लोव्ह्ज साडेसहा नंबरचे, कांद्याच्या पापुद्र्याएवढे,
दिवसाला चाळीस जोड्या लाल पिशवीत.
त्यांतूनही शीर लागते बोटाला, कितीही लपली तरी.
आणि दिवसभर तोंडात एकच वाक्य :
मूठ घट्ट मिटा.
हां. आता सोडा.

किती हजार मुठी मिटवल्या असतील मी.
स्वतःची कधी मिटली, आठवत नाही.
गेल्या मेमध्ये एका पेशंटच्या भावानं ट्रे उडवला,
नळ्या फुटल्या, फरशीवर चार जणांचं रक्त एक झालं.
सॉरी मी म्हणाले.

"आठ औंसाचे नकोत, ते सामन्याचे," मुस्तनसिरभाई म्हणाले.
सोळाचे चढवले तर कुणी मनगटाला लोंबकळल्यासारखं.
बारा म्हणजे किती? मनात ग्रॅम केले, सवयीनं :
तीनशे चाळीस.
पाव किलो साखर, आणि वर वाण्याची मर्जी.

रेबेलो सरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं :
पट्टी बांधूनच घालून बघ, नाहीतर घरी जाऊन रडशील.
साडेचार मीटर पट्टी.
ती मी अशी बांधली, अंगठ्यातून, मनगटाला तीन वेढे,
मग बोटांच्या बेचक्यांतून आडवी-तिडवी,
की सोंगट्या मोजायच्या थांबल्या.
"नर्स का?"
रक्त काढते. पण ड्रेसिंग येतं.
फक्त जखमेच्या आधी बांधायचं, हे नवं.

लाल जोडी देखणी होती,
पण अंगठा मोकळा. तोच पहिला मोडतो म्हणे.
काळी अस्सल चामड्याची, चार हजार सातशे.
"पावसाळ्यात बुरशी धरेल, रोज पुसावी लागेल,"
हे त्यांनी आपणहून सांगितलं.
एक नाडीवाली होती. तीच खरी आवडली मला,
जुन्या वळणाची, शिवणीत पांढरा दोरा.
पण नाडी बांधायला दुसरं माणूस लागतं.
मी काही बोलले नाही.
त्यांनीच ती उचलून परत खुंटीला लावली
आणि वेल्क्रोची पुढं सरकवली.

निळी. रेक्झिनची. सोळाशे पन्नास.
आत हात घातला तर बोटांना काहीच कळेना.
शीर नाही, नाडी नाही, कुणाचा ताप नाही.
अंधारात एक मिटलेली मूठ,
आणि ती माझी.

"मारून बघा," पंजा पुढं करत म्हणाले.
मारलं.
"बाई, हे तर इंजेक्शन झालं."
दुसऱ्यांदा मारलं तेव्हा
राणी काउंटरवरून घरंगळत खाली गेली
आणि आम्ही दोघंही ती शोधत वाकलो.

बिलबुक जुनं, त्यात एक रकाना : संघ.
प्रमिला धनावडे, त्यांनी लिहिलं, मोठ्या अक्षरांत.
संघापाशी पेन जरा थांबलं,
मग कोराच राहू दिला.

घरी, डिलाईल रोडला, पंख्याखाली उभी राहून
उजवा चढवला. मग डावा,
त्याची पट्टी दातांनी ओढून.
नव्या स्कूटरच्या सीटचा वास.
फोन वाजला. लॅबचाच असणार,
या रविवारी येतेस का म्हणून.
ओट्यावर थरथरत, सरकत, पार कडेपर्यंत आला,
आणि माझ्या हातांना बोटंच नव्हती.