तीन अक्षरं

सेंदाईत, सातव्या मजल्यावर बसून
मी नोटिसा पाठवते.
मजकूर ठरलेला. नाव बदलायचं, तारीख बदलायची.
‘आपण आमच्या मालकीची वस्तू
विनापरवाना लोकांना वाटत आहात.
बहात्तर तासांत काढून टाका.’
दिवसाला चाळीस.
कुणी रडतं, कुणी शिव्या घालतं,
बहुतेक नुसते नाहीसे होतात.

लिएपायाच्या वाल्दिसनं चारच तासांत काढला
‘दीपगृहातला कोल्हा’
आणि खाली एक ओळ लिहिली:
काढला. पण तुमच्याकडे तरी तो आहे ना?

मी फाइल बंद केली.
असल्या प्रश्नाला आमच्या तक्त्यात रकाना नाही.

आणि कोल्हा आमचा तरी कसला?
ज्यांनी रात्री जागून तो चालता केला
त्यांची कंपनी बुडाली, तेव्हा मी दुसरीत होते.
लिलावात गेला खेळणीवाल्याकडे, तिथून बँकेकडे,
बँकेकडून आमच्या अशिलाकडे,
ज्यांची गरम झऱ्यांवर हॉटेलं आहेत.
सातबाऱ्यावर नावं चढत गेली,
जमीन पाहायला कुणी गेलंच नाही.

यंदा मार्चमध्ये हुक्की आली:
कोल्ह्याला पस्तीस वर्षं झाली, पुन्हा विकू या.
गोदाम उघडलं.
सहा कार्ट्रिजं, बॅटऱ्या गळून हिरवी पडलेली,
चिपांच्या पायांना गंज.
फ्लॉपीवर बुरशी, बारीक नक्षीसारखी.
मूळ कोडचा गठ्ठा भूकंपात भिजला की रद्दीत गेला,
सांगायला माणूस उरला नव्हता.

ओनोदेरासाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले,
‘तो लॅटव्हियातला... त्याची प्रत चांगली होती, नाही?’
आमच्याकडे अर्धं वाक्य पुरतं.

नोटीस लिहायला मला दीड मिनिट लागतं.
हे पत्र दोन दिवस चाललं होतं.
‘आपण’ लिहायचे, आणि अडायचे.

त्यानं पाठवली. पैशाचं नाव नाही.
लिहिलं होतं, मामा जहाजावर होता,
योकोहामाहून त्यानं आणलेला हा खेळ.
टीव्ही एक, आम्ही भाऊ दोन.
आइवार्स मासेमारीला गेला आणि आला नाही,
त्या हिवाळ्यात मी चिप उतरवून घेतली,
बॅटरी मरायच्या आत.
गुणांच्या तक्त्यात पहिलं नाव बघा.
जमलं तर तेवढं पुसू नका.

सगळे घरी गेल्यावर मी एम्युलेटर उघडला,
ज्याच्यावर माझ्याच हातच्या अकराशे नोटिसा आहेत.
माझ्या लॅपटॉपनं
एका स्वस्त, जुन्या पेटीचं सोंग घेतलं.
इतकं मन लावून, की पेटी जिथे अडखळायची
तिथे हाही अडखळला.
कोल्हा ओल्या पायऱ्या चढू लागला.
तिसऱ्या मजल्यावर मेले मी. चारदा.
मग तक्ता:

ए आय व्ही. अठ्ठ्याण्णव हजार चारशे पन्नास.

त्याखाली व्ही ए एल, व्ही ए एल, सात वेळा.
वर एकदाही नाही.
एवढी वर्षं खेळतोय, आणि भावाला मागे टाकत नाही.
येत नाही की टाकायचं नाही, कोण जाणे.

नव्या आवृत्तीत हा तक्ता कोरा असणार.
‘त्रयस्थाची खासगी माहिती’, म्हणून.
ते टिपण मीच तयार केलं. सोमवारी सही झाली.

पण रविवारी रात्री
बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर मी कोल्हा उतरवला,
त्या तीन अक्षरांसकट.
कलम मला पाठ आहे. पोटकलमही. दंडही.
घराच्या किल्ल्यांना तो आता लटकतोय,
जिना चढताना खिशात वाजतो.

मंगळवारी जुनी फाइल उघडली.
रकाना नव्हताच.
तारखेखाली थोडी जागा होती, तिथे लिहिलं:

आहे.
आमच्याकडे नाही. माझ्याकडे.