अकरा ते पाच

पहिला धबधबा वाटेतच भेटला.
बेताचाच. मिक्केलने त्याच्यासाठी
खिशातून फोनसुद्धा काढला नाही.
दुसऱ्याने मात्र चष्मे धुतले,
पावावरचं तपकिरी चीज भिजवलं.
आम्ही ते तसंच खाल्लं.

तिसऱ्यासाठी तर आलो होतो.
दगडांवर रंगवलेली लाल टी शोधत
चार तासांचा चढ,
मिक्केलच्या टाचेला फोड,
बाबांच्या गुडघ्याला पट्टा आणि तोंडाला कुलूप.
पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते.
समोर काळा, उंच, कोरडा कडा.
शेजारी पाटी :
'पाणी शनिवारी व रविवारी. अकरा ते पाच.'

मिक्केल आधी हसला, मग रडवेला झाला.
"धबधब्याला कामाचे तास?"
बाबा म्हणाले,
"मला होते. त्याला का नसावेत?"

एकतीस वर्षं हाल्वोर, माझे बाबा,
खालच्या वीजघरात कामाला होते.
नदी डोंगराच्या पोटात वळवली,
नळातून दरीत सोडली :
खोऱ्याला दिवे, शहराला कारखाने,
माझ्या वाकड्या दातांना तारा.
मी जन्मले तेव्हा हा कडा उघडाच होता.
आम्ही मुलं त्याला नुसतं 'भिंत' म्हणायचो.

तंबू ठोकला. चिलटांनी जेवून घेतलं,
मग आम्ही जेवलो.
जुलैतली रात्र, म्हणजे रात्र नाहीच,
उजेड जरा डोळे मिटल्यासारखं करतो, एवढंच.
काळ्या किटलीतली कॉफी ओतताना
बाबा एकाएकी बोलायला लागले :

"बंद केला त्या रात्री आई उठून बसली.
म्हणाली, कोण गेलं?
कंदील घेऊन मेंढ्या मोजून आली.
सगळ्या होत्या.
मग कळलं तिला, आवाज गेलाय.
जन्मल्यापासून कानात होता,
म्हणून कधी ऐकलाच नव्हता."

"आणि तुम्ही?"

"मी ड्यूटीवर होतो."

किटलीच्या बुडाशी गाळ उरला होता.
तो त्यांनी गवतावर ओतला, सावकाश.

"तिला सांगितलंत?"

"पुढच्या पगारात विजेची शेगडी आणून दिली."

पहाटे त्यांची स्लीपिंग बॅग रिकामी दिसली.
शोधलं. दगडगोट्यांच्या पलीकडे,
जिथे नळ डोंगरातून थोडा वेळ बाहेर येतो,
तिथे गंजलेल्या लोखंडाला कान लावून उभे होते.
मला बघून ओशाळले नाहीत,
थोडे बाजूला सरकले.
मीही कान लावला. गार.
आत कुणीतरी घाईघाईने
न संपणारा जिना उतरत होतं.

रविवारी अकराला दहा कमी असताना
आम्ही तिघं कड्याच्या पायथ्याशी.
मिक्केलने टाचेला पट्टी लावलेली, बूट हातात.
"आता कोण सोडतं पाणी?"
"शहरात एक मुलगी आहे म्हणे. बटण दाबते."
"नाव काय तिचं?"
बाबांना ठाऊक नव्हतं.
ते घड्याळाकडे बघत होते,
ड्यूटी बदलताना बघायचे तसे,
दुसरा माणूस वेळेवर येतोय का.

ओल्या भेगेत एक पक्षी,
काळा, छातीवर पांढरा रुमाल बांधल्यासारखा,
टुणटुण वाकत किडे वेचत होता.
अकरा वाजले. काहीच नाही.
मिक्केलने माझ्याकडे पाहिलं.

मग पक्षी उडाला.