पास

मिंगोला पास मिळतो, होडी वल्हवायला.
नदीची वळणं त्याला पाठ,
पाठीवरचे वळ मुकादमाला.

बायनाला पास नाही.
दिवसभर कॅरोलायनाच्या चिखलात, गुडघाभर, भात;
रात्री उखळ.
आणि खतावणीत:
‘बायना, वय बावीस, पुढच्या पैदाशीसकट.’
पोटात अजून नसलेली मुलगी
मालकाच्या लेकीला आंदण गेलीसुद्धा.

“चल,” मिंगो म्हणाला, “ओहोटी लागलीय.”
तिने पाहिलं: एक छातीशी,
एक घागऱ्याला धरून,
एक तापात बरळणारं.
होडीत जागा होती.
रडण्याला नव्हती.

मग ती उखळाशी गेली.
वल्ह्यांचा आवाज बुडेपर्यंत
कांडत राहिली,
मुकादमाच्या झोपेला सवयीचा तोच ठोका.

उजाडल्यावर कुत्रे सुटले.
उखळात
भाताचा दाणाही नव्हता.