माशी कुठे शिंकली

मारिबोरला तेव्हा गेम रेडिओवरून यायचे,
रात्रीच्या बातम्या संपल्या की
चार मिनिटं नुसती किरकिर.
विटोमिर माइक धरून बसायचा,
घरात कुणी हलायचं नाही.

त्या रात्री बाबा शिंकले.
दुपारपाळी करून नुकते आलेले,
अजून बूटही पायात.

कॅसेटवर गेली ती गेलीच.
खाणीतला तो इवलासा कामगार
पाचांत एकदा कसाबसा उघडायचा,
एरवी नेमका तिथेच अडकून
पडदाभर पट्टे पट्टे.
महिनाभर अबोला धरला होता त्याने.

आता नेझा, त्याची धाकटी,
ती किरकिर लॅपटॉपवर पसरते :
“हा बघ उंचवटा. पुसू?”

“थांब. आवाज वाढव.”

वायर जोडली की टेप मुकी व्हायची;
इतकी वर्षं गेम फक्त कॉम्प्युटरने ऐकला.

किरकिर. शिंक. किरकिर.
आणि तिच्याखाली, अगदी दबकं,
“चुकलं रे.”

नेझाने एक प्रत ठेवली, दुसरी पुसली.
गेम पहिल्या फटक्यात सुरू.
कामगार टुणकन खाणीत उतरला
आणि तिसऱ्या खड्ड्यात पडला.

तेव्हाही तिथेच पडायचा.